तीन मिनिटांचा दर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एका ऑनलाइन कविसंमेलनातील एकशे बारा जणांचे आवाज एकदम बंद झाले. वीज गेली नव्हती. इंटरनेटही सुरू होते. आवाज माइकवाल्या अण्णांनी बंद केले होते.

अण्णांचा कंग्राळीत मांडव आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. बेळगाव परिसरात थंडी पडली की गावोगावी मराठी साहित्य संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, सर्वांना जेवण आणि जेवणानंतर कविता. तीस वर्षे यांतल्या बहुतेक संमेलनांचा आवाज अण्णांच्या ॲम्प्लिफायरमधून गेला. त्यांतल्या निम्म्या संमेलनांच्या बातम्या मी दिल्या. "तुमची बातमी एकच हाय," अण्णा मला म्हणायचे, "गावाचं नाव तेवढं बदलताय."

माइक तपासताना ते 'हॅलो, हॅलो' म्हणत नसत. जेवणात काय आहे ते सांगत. "भात हाय, आमटी हाय, शिरा हाय. मागं आवाज येतोय काय?" मागून होकार यायचा. ग्रंथदिंडीला न आलेली माणसे त्यानंतर मांडवात यायला लागायची. दिवसभरातले सर्वांत नेमके निवेदन हेच असायचे.

लेखकांना ते माइक धरण्याच्या पद्धतीवरून ओळखत. कवी माइक गिळतो. कथाकार लांब उभा राहतो आणि आवाज येत नाही म्हणून अण्णांकडे बघतो. समीक्षक माइकची मान पिरगाळतो. "आणि अध्यक्ष?" मी एकदा विचारले. "अध्यक्ष माइकला धरून उभा ऱ्हातोय. त्येला सोडवावं लागतंय."

सोडवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. बहुतेक संमेलनांचा स्वयंपाक काकतीच्या शांताक्का करायच्या. भात उतरला की त्या झारा हातात घेऊन मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहायच्या. अण्णा आवाजाचे बटण हळूहळू मागे आणायचे आणि पाच मिनिटांत माइक बंद पडायचा. "लाइट गेली," अण्णा जाहीर करायचे. डोक्यावर पंखा फिरत असायचा. एकदा एका प्राध्यापक वक्त्याने त्याच्याकडे बोट दाखवले. अण्णा म्हणाले, "पंख्याची लाइट येगळी, माइकची येगळी. चला सर, पानं वाढल्यात." त्या दिवशी सर्वांत मोठी टाळी या वाक्याला पडली.

ही रीत एकदाच मोडली. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस, सांब्र्याच्या पलीकडच्या एका गावात संमेलन होते. अध्यक्ष पुण्याहून आले होते. विषय होता 'सीमाभागाची वेदना'. स्वागताध्यक्षांनी अण्णांना आधीच बाजूला घेतले होते. "अण्णा, आज तेवढं बटणाला हात लावू नगासा. मोठा माणूस हाय, पेपरात नाव जातंय." शांताक्का सव्वा वाजता कडेला येऊन उभ्या राहिल्या. दोनला पुन्हा आल्या. "बंद करा की वो अण्णा, भाताचा लगदा व्हायला लागलाय." अण्णांनी स्टेजकडे पाहिले आणि हात मांडीवरच ठेवला.

आमटी तिसऱ्यांदा तापवायला ठेवली गेली. पावणेतीनला हंडा चुलाणावरून उतरवताना फडके निसटले. उकळती आमटी शांताक्कांच्या दोन्ही पायांवर सांडली. मांडवामागून किंकाळी आली. अध्यक्ष थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि त्यांनी पुढचा मुद्दा सुरू केला. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्या वेळी माझ्या वहीत तो मुद्दाच लिहिला गेला. दुसऱ्या दिवशी भाषणाला तीन कॉलम मिळाले. बातमीची शेवटची ओळ अशी होती: स्वयंपाकाच्या ठिकाणी किरकोळ अपघात झाला.

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. दोन्ही पायांवर त्वचारोपण करावे लागेल. लांबले तर गुडघे आखडतील आणि चालणे कठीण होईल. सरकारी योजनेतून काही खर्च भागणार होता. उरलेले दोन लाख शांताक्कांच्या मुलाकडे नव्हते. तो टेम्पो चालवत होता.

सीमाभागातल्या लेखकांच्या व्हॉट्सॲप गटावर ही बातमी अण्णांनीच टाकली. उत्तरादाखल हात जोडलेली चिन्हे आली. मग कविता आल्या. चुलीवर, आगीवर, आईच्या हातांवर. एका कवितेत शांताक्कांना अन्नपूर्णा म्हटले होते. त्यांचे खरे नाव कवीने विचारले नव्हते. चौथ्या दिवशी निपाणीच्या एका निवृत्त मास्तरांनी लिहिले, "पैसे कुठे पाठवायचे?" त्यांच्या प्रश्नावर तीन अंगठे उमटले.

मदतीसाठी ऑनलाइन कविसंमेलन घ्यायचे ठरले. जाहिरातीच्या चित्रावर कुणाचा फोटो कुणाच्या वर, हा वाद तीन दिवस चालला. अखेर अकरा फोटो एका ओळीत आले. शांताक्कांचा फोटो नव्हता. बँकेचा खाते क्रमांक सगळ्यात खाली होता आणि त्यावर आयोजक साहित्य मंडळाचे बोधचिन्ह आले होते. हे सगळे चालवायला कुणाला जमेना, म्हणून काम अण्णांकडे आले. लॉकडाउनमध्ये लग्ने फोनवर दाखवता दाखवता अण्णा हे शिकले होते.

त्या रविवारी मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. आमच्या दैनिकाला 'साहित्यिकांची माणुसकी' अशा मथळ्याची बातमी हवी होती आणि मथळा आधीच ठरला होता. अण्णा टेबलावर लॅपटॉप ठेवून, कर्ण्यांच्या ढिगाला टेकून बसले होते. अकराला सुरुवात झाली. प्रास्ताविक चाळीस मिनिटे चालले. प्रत्येक कवी 'फक्त दोनच ओळी' म्हणून सुरू करत होता. पुण्याचे अध्यक्ष सव्वा वाजता आले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी एक कविता मध्येच थांबवली आणि नंतर ती पहिल्यापासून वाचली गेली. तीन वाजेपर्यंत खात्यात एकवीसशे रुपये जमले होते. त्यातले दोन हजार निपाणीच्या मास्तरांचे होते.

तीन वाजून गेल्यावर शांताक्कांच्या मुलाचा फोन आला. "अण्णा, उद्या सकाळच्याला पैसं भरलं न्हाय तर तारीख पुढं जाती म्हणत्यात. काय जमलंय काय?"

"थांब," अण्णा म्हणाले. त्यांनी सगळ्यांचे आवाज बंद केले. कुणालाही स्वतःहून माइक सुरू करता येणार नाही, अशी सोय केली. पडद्यावर ओठ हलत राहिले. एकाने कानातला हेडफोन काढून झटकला. दुसऱ्याने मुलीला हाक मारून बोलावले.

मग अण्णा बोलले. ते बोलणे मी उतरवून घेतले आहे. "लाइट गेल्याली न्हाय. म्या बंद केलंय. त्या दिशी बंद कराय पायजे हुतं, केलं न्हाय. मला कुणी धरलं न्हवतं, हात माझाच हुता. आता ऐका. ज्येला कविता वाचायची हाय त्येनं दोन हजार पाठवायचं, पाठवल्याचा फोटो गटावर टाकायचा. मग माइक सुरू. तीन मिन्टं."

मुलाचा फोन अजून सुरू होता. तो त्यांनी लॅपटॉपजवळ धरला. "आक्काकडं दे. आक्का, समदी लेखक मंडळी ऐकत्यात. काय बोलतीस?"

पलीकडून बारीक आवाज आला. "अध्यक्ष हाईत काय त्येंच्यात?"

"हाईत."

"मग ऱ्हाऊ द्या अण्णा. लई येळ लागंल."

पहिला फोटो चार मिनिटांनी आला. मराठी कवीला दया येईल की नाही, हे अण्णांना ठाऊक नव्हते. कविता वाचायची राहून गेली तर त्याला झोप येणार नाही, हे मात्र ठाऊक होते. साडेतीननंतर फोटोंची रांग लागली. एका कवयित्रीने दोन कवितांसाठी चार हजार पाठवले. एका गझलकाराने दुसऱ्याच्या आधी नंबर लागावा म्हणून पाचशे जास्त पाठवले. अण्णांनी जास्तीचे पाचशे खात्यात राहू दिले आणि त्याचा नंबर आहे तिथेच ठेवला. अध्यक्षांनी पंधरा हजार पाठवले आणि अर्ध्या तासाची मागणी लिहून कळवली.

"दर समद्यास्नी एकच हाय सर," अण्णा म्हणाले. "सुरू करा."

अध्यक्षांचे तिसरे मिनिट एका वाक्याच्या मधे संपले. आवाज तिथेच बंद झाला. मला त्या वाक्याचा शेवट माहीत नाही.

आठ वाजायला वीस मिनिटे असताना अण्णांनी मुलाला फोन लावला. रक्कम पूर्ण झाली होती. अण्णांनी "चला, पानं वाढल्यात" म्हणून कार्यक्रम बंद केला. तेव्हा एकोणीस कवी रांगेत होते आणि त्यांनी पैसे भरले होते. दुसऱ्या दिवशी गटावर त्यातल्या सात जणांनी तक्रार केली. एकाने पैसे परत मागितले. अण्णांनी त्याला एका ओळीत उत्तर दिले: "फुडच्या जल्मी पयला नंबर तुमचा."

आठवड्याभरात सहभागी कवींना संगणकावर तयार केलेली सन्मानपत्रे गेली. अध्यक्षांच्या सन्मानपत्रावर 'संवेदनशील नेतृत्व' असे होते. अण्णांचे पत्र मंडळाने वेगळे केले नाही. सगळ्यांच्या पत्रावर तळाला 'ध्वनिव्यवस्था: कंग्राळी' असे छापले होते. आमची बातमी ठरलेल्या मथळ्याने गेली. अण्णांनी कात्रण घडी करून खिशात ठेवले आणि विचारले, "माणुसकीचा दर किती, ते घातलं न्हाय व्हय?" तो घातला होता. संपादकांनी काढला.

पुढच्या थंडीत संमेलनवाले त्यांच्या दुकानात आले. "अण्णा, यंदा येणार न्हवं?" अण्णा वायर गुंडाळत होते. "न्हाय. लग्नं हाईत." त्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नव्हते. त्यांनी एकाही संमेलनाचे काम घेतले नाही. कुस्तीच्या मैदानांना ते माइक देत राहिले. तिथे भाषणे लांबली की पैलवानच माइक काढून घेतात, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतरच्या श्रावणात, सकाळी दुकान उघडताना, अण्णांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयात पोचण्यापूर्वी ते गेले. लेखकांच्या गटाने ऑनलाइन शोकसभा घेतली. ती तीन तास दहा मिनिटे चालली. वेळ मी वहीत नोंदवली आहे.

रक्षाविसर्जनाच्या दिवशी शांताक्का काकतीहून आल्या. मुलाने टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा केला, कारण आत मांडवाचे खांब होते. तिथून अण्णांच्या घरापर्यंत त्या आपल्या पायांनी चालत गेल्या.