दुसऱ्या दिवशीची बॅच

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून कदाचित जमेल.

बारावीत मी आणि माझी मैत्रीण प्रणाली, दोघी मिळून एकच काम करायचो. सावंगीला मेडिकलच्या पोरांची एक मेस होती, तिथे पोळ्या लाटायच्या. एक दिवस ती, एक दिवस मी. म्हणजे दोघींचंही कॉलेज निम्मं बुडायचं. जी वर्गात बसेल तिने दुसरीसाठी सगळं उतरवून घ्यायचं. तव्यासमोर उभं राहिलं की मला वाटायचं, आपण इथून सुटतच नाही आता. तिला काय वाटायचं? कधी विचारलंच नाही मी.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला माझी बॅच सकाळची होती, तिची दुपारी दोनची. मेसवाल्या काकूंनी सांगून ठेवलं होतं — एकीने तरी थांबायचं, नाहीतर दोघी बंद. म्हणून ठरलं, मी एकपर्यंत पोचायचं आणि मग तिने निघायचं.

माझं बाराला आटोपलं. बाहेर वर्गातल्या मुली कडुनिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. त्यांनी बोलावलं, मी बसले. दोन वर्षांत अशी कधी बसलेच नव्हते. घड्याळ दिसत नव्हतं का? दिसत होतं. एक वाजला, दीड वाजला. प्रणालीचे फोन येत होते — मी मोबाईल पिशवीत तळाशी सरकवला.

पोचले तेव्हा अडीच झाले होते, तिची बॅच केव्हाच आत गेली होती. ती दारातच उभी होती, हात पिठाचे. मी सांगितलं, परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी थांबवून ठेवलं.

एवढंच असतं तर मी कधीच बोलून टाकलं असतं. पण दुसऱ्या दिवशी शेवटची बॅच होती.

त्याच संध्याकाळी ती घरी आली. म्हणाली, “तू केमिस्ट्रीच्या मॅडमले फक्त एवढं सांग, तुले सरांनी थांबवलं म्हनून मले येता नाई आलं. उद्याच्या बॅचमंधी घेतीन त्या मले.”

थांबवलं तर कोणीच नव्हतं. मॅडम तिथेच होत्या सकाळभर. मी तोंड उघडलं असतं तर माझं खोटं त्यांना कळलं असतं, मग तिला. काय करणार होते मी? — नाही, असं नको विचारायला. काय करायचं ते मला कळत होतं.

मी म्हटलं, “फोन केलता मी त्याईले. नाई म्हनते.”

केला नव्हता. ती स्वतः जाते म्हणाली, तर तेही मीच अडवलं. मॅडम फार चिडल्यात, तू गेलीस तर आणखी बिघडेल, असं सांगितलं. ती निघायला उठली. मग मलाच म्हणाली, “जाऊ दे वं. तुही काय चुकी त्याच्यात?”

मॅडम भल्या होत्या. त्यांनी तिला घेतलं असतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

ती गैरहजर लागली, नापास झाली. पुन्हा फॉर्म भरायला घरचे तयार झाले नाहीत. ती मेसवर रोजची लागली. नर्सिंगची माहिती आम्ही दोघींनी सोबत काढली होती. गेले मी एकटी.

आता मी एका दवाखान्यात सिस्टर आहे. प्रणाली पवनारला दिली आहे, अजून लोकांकडे पोळ्या करते. महिन्यातून एकदा सासूला तपासायला घेऊन येते. रांगेतल्या बायांना सांगते, माह्यी मैत्रीण हाय ते. मी तिला रांगेत उभं राहू देत नाही, सरळ आत नेते. तिला वाटतं, ही मैत्री आहे.

मी तिला तसंच वाटू देते.