पत्त्यातलं नाव

तेव्हा निजामाचं राज्य होतं. लिंबागणेशच्या बाजारात झाडाखाली बसून मी लोकांची पत्रं लिहून देत असे. मजकूर मराठीत, पत्ता उर्दूत.

एकदा एक बाई आली. मुलगा हैद्राबादला पलटणीत होता. मजकूर तिनं भराभर सांगितला. पत्त्यासाठी मुलाचं नाव विचारलं, तर तिनं पदर दातात धरला.

"आडनाव लिवा की," शेवटी म्हणाली.

"बाई, त्या आडनावाची निम्मी पलटण असंल."

"मामंजींचं नाव ठिवलंय त्याला. म्या कसं घिऊ?"

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, ही रीत माझ्याही घरात होती.

"मग इतकी वर्षं हाक काय मारली?"

"लेकरा म्हनायचे. दुसरं काय."

तिनं आपल्या गावच्या कुंभाराला बोलावून आणलं. त्यानं नाव सांगितलं. मी लिहिलं आणि पत्र वाचून दाखवू लागलो.

"मजकूर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पत्ता तेवढा पुना वाचा."

मी वाचला. ती डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

मग ती दर महिन्याला येऊ लागली. तिचं स्वतःचं नाव मी कधी विचारलं नाही. पत्ता तीन-तीनदा वाचायला लावायची. मी तसा चिडका माणूस, पण तिच्यावर चिडणं जमलं नाही. पुढं पुढं तर मी ते नाव वाचायचं सोडलं आणि लांब वावरात गेलेल्या पोराला मारावी, तशी मोठ्यानं हाक मारू लागलो.