पिशवीमागची लग्नपत्रिका

वडिलांचं पोटाचं डायलिसिस रात्री घरीच चालायचं. सकाळी पोटातून पिशवीत निघालेलं पाणी गढूळ असलं, तर पोटात संसर्ग होऊन सूज आलेली असू शकते. म्हणून पिशवीमागे छापील कागद धरून, अक्षरं दिसतात का ते पाहायचं. मी जालन्याला कॉलेजात असल्याने हे काम आईकडे होतं.

फोनवर विचारलं, की आई ताईची लग्नपत्रिका धडाधड वाचायची, अगदी 'आहेर आणू नये'पर्यंत. मी निश्चिंत व्हायचो.

सुट्टीत घरी हसनाबादला गेलो, तर पिशवीमागे पत्रिका उलटी. आईला वाचता येत नाही हे मीच विसरलो होतो.

"पाठ हाय की मला," आई म्हणाली.

"मंग माझं पोट बी पाठ हाय का?" वडिलांनी विचारलं.

नशिबाने पाणी साफ होतं. दुसऱ्या दिवसापासून आई पिशवीमागे न मोजता मूठभर बांगड्या ठेवून त्या पाण्यातून मोजू लागली.