थर्ड पार्टी दादा

२५ एप्रिल, शुक्रवार. सकाळी आभाळ ढगाळ, दहानंतर कडक ऊन. दुपारी धुळीचा वारा. पाऊस नाही.

शहागडच्या हायवेवर रशीदभाईंच्या रंगाच्या दुकानासमोर आम्ही चौघे-पाचजण रोज संध्याकाळी बसतो. रशीदभाई ट्रक रंगवतात, मी स्पेअर पार्ट विकतो. तिथले किस्से गाडीखालच्या ग्रीससारखे असतात, एकावर एक बसत जातात आणि कुणी पुसत नाही. खालचे सगळे माझ्या दुकानाच्या कर्जाचे.

*

दुकान बांधायला मी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं होतं. यंदा थोरल्या भावाने, दादाने, दोनपैकी एक ट्रक विकला. म्हणाला, गुडघे गेले, एक गाडी बस झाली. आलेले पैसे त्याने त्याच्या खात्यावरून थेट माझ्या कर्जात भरून टाकले.

मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फिटलं, म्हणून मी पेढे घेऊन जालन्याच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरसाहेबांनी दोन पेढे खाल्ले, हात मिळवला आणि मग सांगितलं, लवकर फेडल्याचा दंड पडेल, लाखाला चार हजार. तो भरल्याशिवाय दुकानाचे मूळ कागद मिळणार नाहीत.

रशीदभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पेढे वापस घेतले का न्हाई?"

*

मी कॉलेज पाहिलेलं नाही, पण वाचायला घेतलेला कागद अर्धा सोडत नाही. कर्जाचा करार भिंग लावून वाचला. स्वतःच्या पैशातून फेडलं तर दंड नाही, उसने किंवा कर्जाऊ घेऊन फेडलं तर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं.

ते पान साहेबांसमोर ठेवलं. ते म्हणाले, पैसे भावाच्या खात्यातून आलेत. कंपनीच्या हिशेबात भाऊ म्हणजे थर्ड पार्टी, आणि थर्ड पार्टीचे पैसे म्हणजे उसनवारी.

*

संध्याकाळी हे दादाला सांगितलं. आयुष्यभर गाड्यांचे विमे काढलेला माणूस. हा शब्द त्याच्या चांगला ओळखीचा. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"थर्ड पार्टी म्हंजी ज्याला आपली गाडी ठोकती, त्यो ना?"

"तोच."

"मंग तू मला कव्हा ठोकलं?"

त्या दिवसापासून हायवेवर त्याला कुणी दादा म्हणेना. रशीदभाईंनी तर राहिलेल्या ट्रकच्या मागे 'थर्ड पार्टी' असं फुकट रंगवून द्यायची तयारी दाखवली. दादा म्हणाला, "मागं नको. म्होरं लिही. लोक आपोआप बाजूला व्हतील."

*

वहिनीपर्यंतही ते पोचलं. रविवारी त्यांच्याकडे जेवायला बसलो. ताटात भाकरी टाकता टाकता त्यांनी विचारलं, "थर्ड पार्टीच्या घरचं चालतं न्हवं, भाऊजी?"

मी म्हणालो, वहिनी, दंड भरून मोकळा होतो, कागद तर हातात येतील. दादा इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. "भरायचा न्हाई," तो म्हणाला. "भरला म्हंजी मी तुला उसने दिले, असं व्हईल."

विषय तिथेच संपला. रात्री मी कंपनीच्या छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या ऑफिसला अर्ज लिहिला, करारातलं ते कलम जसंच्या तसं उतरवून.

*

त्यांनी आम्हा दोघा भावांना बोलावलं. दादा लग्नातला शर्ट घालून आला. समोर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी अर्ज वाचला, करार वाचला, बँकेचा उतारा पाहिला. मला काहीच विचारलं नाही. दादाकडे वळून त्या म्हणाल्या, "काका, एकच सांगा. हे पैसे तुमचे भाऊ तुम्हाला कधी परत करणार आहेत?"

मला वाटलं, दादाला ऐकू आलं नसावं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मॅडमकडे.

"परत? कुनाला?"

मॅडमनी कागदावर दोन ओळी लिहून सही केली. दंड पूर्ण रद्द. कर्ज फिटल्याचा दाखला आणि दुकानाचे मूळ कागद आज दुपारी मिळाले.