जावयासाठी हाऊसबोट

माझ्या मामांइतका आडमुठा माणूस तापीने आपल्या दोन्ही काठांवर पाहिला नसेल. वहाण तुटली तर ते रस्त्याला शिव्या देत. घड्याळ मागे पडलं की आगगाडीच लवकर आली म्हणत. मला तर बारशापासूनच तुच्छ लेखत. "जळगावात कारकून झाला म्हणून अक्कल येते असं नाही," हे त्यांचं माझ्याबद्दलचं सगळ्यात मवाळ मत.

त्यांच्या लेकीचा, सुमनचा, दिवाळसण आला आणि घर म्हणजे एक खोली. जावयाला निजवायचं कुठे? नदी मोजायला आलेला एक गोरा साहेब आपली कुजकी हाऊसबोट दोन कोस खाली टाकून गेला होता. "जावई पाण्यावरच्या बंगल्यात उतरतील!" असं पत्र मामांनी व्याह्यांना आधीच धाडलं, मग बोट बघायला गेले. प्रवाहाच्या उलट ती गावात आणायची म्हणून आठ गडी दोर घेऊन काठाने चालू लागले. सुकाणूवर मामा आणि पुढचा धोका ओरडून सांगायला टपावर मी, म्हणजे दुसरा धोका.

गाव हाकेवर आलं, तेव्हा परतीच्या पावसाने फुगलेला एक ओढा आमच्याच काठाने नदीत घुसताना दिसला. त्याच्या तोंडाशी पाण्याखाली काळा खडक. गड्यांनी थांबावं म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "ओढा! ओढा!"

त्यांनी ओढलं. इतकं मनापासून ओढलं की बंगला खडकावर चढला, उकलला आणि त्याच्या फळ्या आल्या वाटेने परत निघाल्या.

"अरे गाढवांनो, ओढलं कशाला?" मी गळाभर पाण्यातून विचारलं.

"तुम्हीनच सांगं ना भाऊ, वढा म्हनीसन!" गड्यांचा म्होरक्या म्हणाला. "त्याले आम्ही नाला म्हनतस!"

मामा बोटीचं एक दार कवटाळून तरंगत होते. "शिकलेला भाचा बसवला टपावर," ते म्हणाले, "म्हणून बुडालो."

ते दार त्यांनी सोडलं नाही. खोलीत मधोमध कूड घालून त्यात बसवलं आणि एका खोलीच्या दोन केल्या. जावई पलीकडे सुखाने घोरले. दार फार घट्ट बसे. मी आलो की मामा पलीकडून हटकून ओरडत, "ओढा!" आणि ठसका लागेपर्यंत हसत.

मामा गेल्यानंतर परवा पहिल्यांदाच गेलो. दाराला हात लावून खुळ्यासारखा उभा राहिलो. मग आतून सुमन हळूच म्हणाली,

"दादा... ओढा."