आधी दादा बोलणार

दादाला दिसत नाही, हे मला एका गुप्तहेराच्या पिक्चरमुळं कळलं. डॉक्टरकडून नाही, त्याच्याकडून तर नाहीच. रविवारचा दुपारचा शो बघून आम्ही उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी आलो, चहा झाला, वाद सुरू झाला, आणि त्या वादात मला कळलं की माझा सख्खा मोठा भाऊ समोर बसलाय आणि त्याला मी दिसत नाहीये.

आमची पाचजणांची टोळी आहे. दादा आणि वहिनी बजाजनगरला राहतात. दादा वाळूजच्या एका कंपनीत रंगकाम तपासायचा. गाडीच्या टाकीवर मोहरीएवढा फोड राहिला तरी ती टाकी परत जायची, आणि रंगवणारे त्याच्या नावानं बोटं मोडायचे. मी शाळेत भूगोल शिकवते, माझा नवरा सरकारी ऑफिसात आहे. पाचवे भाईसाब. दादाच्या कंपनीतले जुने दोस्त, राहायला जुन्या शहरात, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं दख्खनी. दादा आणि भाईसाब नोकरीला लागल्यापासून पिक्चरवरून भांडत आलेत. एकाला आवडला की दुसऱ्याला तो पाडायचाच असतो. भाईसाबांनी दादाचं म्हणणं कबूल केलंय, असं मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

टोळीचा नियम दादानंच केलेला. थेटरातून निघाल्यावर चहाचा कप हातात येईपर्यंत पिक्चरविषयी अवाक्षर काढायचं नाही. रिक्षातच सगळं बोलून टाकलं तर घरी येऊन काय तोंडं बघत बसायची, असं त्याचं म्हणणं. आणि चहा आला की आधी दादा बोलणार. तो निकाल देणार, मग बाकीच्यांनी तुटून पडायचं. आमचं लग्न नवं असताना माझ्या नवऱ्यानं एकदा घाई केली होती, तर दादानं त्याला "दाजी असलात तरी थांबा" म्हणून गप्प बसवलं होतं. त्या पहिल्या बोलण्यावर दादाचा फार जीव. कंपनीत साहेब लोक होते, सोसायटीत अध्यक्ष होता, पण पिक्चरच्या बाबतीत आधी विचारायचं ते दादाला. ती जागा जाऊ नये म्हणून त्यानं काय काय केलं, ते आता कळतंय.

तर त्या दिवशीचा पिक्चर. एक हेर शत्रूच्या देशातल्या लहानशा गावात घड्याळं दुरुस्त करत वर्षानुवर्षं राहतो. बायको तिथलीच करतो, पोरं तिथंच होतात, आणि हा मुळात कोण हे कुणालाच माहीत नसतं. थेटर गच्च भरलेलं. माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला वहिनी, तिच्या पलीकडं दादा. आणि वहिनी सारखी दादाच्या कानाशी लागलेली. कुजबुज, कुजबुज, थांबायचं नावच नाही. पुढचा माणूस मागं वळून बघायला लागला, मला तर वहिनीला चिमटा काढावासा वाटला. तिला ही खोड नव्हती. आणि थेटरात कुणी बोललं की दादा तोंडावर सांगायचा, बाहेर जाऊन बोला. आता तोच मान तिरपी करून शांत ऐकत होता. मी मनात म्हटलं, ह्या वयात दोघांना प्रेमाचं भरतं आलंय.

शेवटाला मात्र वहिनी एकदम गप्प झाली. सगळं थेटरच गप्प झालं होतं. त्या शेवटात एक शब्द नाही की संगीत नाही. बायकापोरांना संपवून परत ये, असा हेराला हुकूम आलेला असतो. तो पिस्तूल घेऊन मागच्या खोलीत जातो. गोळी सुटते. मग दिसतं, की त्यानं गोळी घातलीय ती हुकूम यायच्या यंत्रालाच. पुढं तो दुकानात येतो, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतो, टिकटिक सुरू होते, आणि संपलं.

बाहेर आल्यावर पाचहीजण एकाच रिक्षात कोंबून बसलो, भाईसाब ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर. दादानं गाडी विकल्यापासून आमचं असंच. वाटेत वहिनीनं "अहो, ते शेवटाला..." म्हणून तोंड उघडलं, तर दादा तिच्यावरच डाफरला. "नियम म्हंजे नियम." ती बिचारी बाहेर बघत राहिली.

घरी मी मुरमुऱ्याची सुशीला केली, चहा ठेवला. सगळे खाली सतरंजीवर बसले. कप हातात गेले तसं दादानं घसा साफ केला.

"पिक्चर चांगला हाय," तो म्हणाला. "मधी लई ताणलाय, ते सोडा. पण शेवट बघा. असा शेवट आपल्याकडं कुणी करत नाय. हिरोला मारला, आन् मारताना दाखवलं पण नाय. नुसता गोळीचा आवाज. मग सगळं गप. आन् मग ती टिकटिक. माणूस गेला, पण त्यानं दुरुस्त केलेलं घड्याळ चालूच. ह्याला म्हणतात डोकं."

मला खरंच वाटलं की दादानं काहीतरी खोलातलं सांगितलं. शाळेत हिंदीचे सर असंच बोलतात, समोर एक असतं आणि ते दुसरंच काढतात. नवऱ्याला मात्र ठसका लागला.

"कुणाला मारलं? अहो दादा, हिरो जिवंत आहे की."

"मेला तो, दाजी."

"घड्याळाला चावी देतो ना तो शेवटी."

"चावी कुठं होती? टिकटिक होती नुसती."

"व्हय, मेलाच तो," वहिनी खाली बघत म्हणाली. "मी पण बघितलं की."

मी वहिनीकडं बघतच राहिले. माझ्या शेजारी बसून, पदर तोंडाला लावून, तिनं त्या माणसाला चावी देताना पाहिलं होतं.

भाईसाबांना तर मेजवानीच मिळाली होती. ते गुडघ्यावर उठून बसले, बोट उगारलं. "अरे क्या बातां कररा तू? वो तो साफ..." आणि तिथंच थांबले. दादा कप खाली ठेवत होता. त्यानं आधी करंगळीनं ट्रेची कड चाचपली, मग कपाचं बूड त्या कडेला टेकवून आत सरकवलं. भाईसाब त्या हाताकडं बघत होते. उगारलेलं बोट त्यांनी हळूहळू मिटलं.

"हौ यार," ते म्हणाले. "मर गया वो. मेरेकू भी वैसाच लगा."

काय झालंय ते कळलं नव्हतं, पण भाईसाब हरले होते, आणि ते हरणाऱ्यातले नव्हते. नवरा तेवढा आपल्याच तंद्रीत. "तिघंच्या तिघं मेला म्हणताय? दादा, डोळे घरी ठेवून आला होता काय?" असं म्हणून तो खो-खो हसला.

कुणीच हसलं नाही. वहिनी ताटल्या गोळा करायला लागली. भरलेल्यासुद्धा उचलल्या आणि आत गेली. मी तिच्या मागं गेले.

"वहिनी, काय झालंय?"

तिनं ताटल्या ओट्यावर ठेवल्या. "गेले, ताई. शुगरनं. दोन्ही."

"काय गेले?"

"डोळे."

मी ओटा धरला. वहिनी हळू आवाजात सांगत होती, तोच कुजबुजीचा आवाज. उजेड कळतो त्यांना, समोर माणूस हाय एवढं कळतं, कोण ते बोलल्यावर. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर आता येत नाय. आणि मला दादाचं मागचं सगळं वर्ष दिसायला लागलं. नोकरी मुदतीआधी सोडली, गुडघे दुखतात म्हणून. गाडी विकली, वाळूजच्या रस्त्याला शहाणी माणसं गाडी घालत नाहीत म्हणून. पेपर बंद केला, सगळे थापा मारतात म्हणून. यातलं एकही कारण मला खोटं वाटलं नव्हतं, कारण दादा बोलतोच तसा.

मला राग आला, आणि तो आधी वहिनीवरच निघाला. "मला सांगितलं नाही? मी कोण आहे त्याची?"

"कुणालाच नको म्हणाले. तुम्हाला तर नकोच. म्हणाले, कळलं की पिक्चर कसा वाटला हे मला कुणी विचारणार नाय. मलाच पिक्चर सांगत बसतील." तिनं डोळे पुसले. "मी सगळं सांगते हो कानात, एक सुटू देत नाय. आज शेवटाला माझाच जीव गुंतला. मीच बघत राहिले. सांगायचं राहून गेलं, ताई."

नवऱ्याची नजर गेली हे ती कोरड्या डोळ्यांनी सांगत होती, आणि शेवट सांगायचा राहिला म्हणून रडत होती.

तेवढ्यात बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "सापडला. घ्या दादा, कोणीतरी थेटरात चोरून शूटिंग करून नेटवर टाकलाय शेवटचा सीन. आता होऊन जाऊ द्या निकाल."

मी धावतच बाहेर आले. तोवर त्यानं मोबाईल दादाच्या हातात दिलासुद्धा होता. ऑफिसच्या सवयीनं त्याच्या मोबाईलचा आवाज कायम बंद असतो. भाईसाब "रहने दो ना" म्हणत होते, पण ते ऐकतो कोण. दादानं मोबाईल दोन्ही हातांत धरला, आणि धरताना त्याचा अंगठा कडेच्या बटणावर पडला. काच काळी झाली.

दादा त्या काळ्या काचेकडं बघत राहिला. एक सीन बघायला लागतो तेवढा वेळ बघितला. मधे भुवया उंचावल्या, मान हलवली. रंग तपासताना तो असाच चेहरा करायचा. मग मोबाईल पुढं करून म्हणाला, "बघितलं. तरी मी म्हणतो, मेला."

नवऱ्यानं मोबाईल घेतला, काळी काच बघितली, आणि त्याच्या तोंडचं हसू तसंच राहून गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली. इतकी दचकलेली माणसं मी एका खोलीत कधी पाहिली नव्हती, आणि त्यातली मी एक होते. पंखा तेवढा फिरत होता.

दादाचे कान तिखट. एवढी शांतता त्याला पुरे झाली.

"बंद पडला होता का?" त्यानं विचारलं.

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग वहिनीच्या पावलांचा आवाज आला त्या बाजूला तोंड केलं.

"ये, बस. आता मोठ्यानं सांग. शेवटाला काय झालं?"

वहिनी त्याच्या शेजारी बसली. सवयीनं ती कानाशी वाकली, मग सरळ झाली आणि सगळ्यांदेखत सांगायला लागली. गोळी त्या यंत्राला घातली. बायकापोरं सुखरूप. मग दुकानात आला, स्टुलावर चढला, घड्याळ उघडून चावी दिली. ह्यावेळी तिनं काही सुटू दिलं नाही.

"तूच बोल पहिले," भाईसाब दादाला म्हणाले. "अपना नियम हाय ना. फिरसे बोल, कैसा लगा?"

"म्हंजे तो कुणाला सापडलाच नाय?" दादानं वहिनीला विचारलं. "बायकोला पण कळलं नाय?"

"नाय. कुणालाच नाय."

"नशिबाचा हाय," दादा म्हणाला, आणि चहासाठी हात पुढं केला. कप ट्रेवर कुठं आहे ते त्यानं चाचपलं नाही. हात तसाच उघडा धरून थांबला. मी उठले आणि कप त्याच्या हातात दिला.