दुसऱ्या कपातली वाफ

गोव्यातल्या धारगळच्या हमरस्त्यावर, वळणाच्या जरा अलीकडे, बाबलीचा गाडा आहे. सकाळी बन्स आणि पातळ भाजी, दुपारनंतर मिरची भजी आणि चहा. गाडा म्हणायचा तो केवळ सवयीने. त्याची चाके कधीच जमिनीत रुतली आहेत, वर पत्र्याचे छप्पर आले आहे आणि दोन बाजूंना दोन बाकडी. बाबली बुटका, गोल चेहऱ्याचा, हसला की डोळे पार मिटून घेणारा माणूस. गिऱ्हाइकाला चहा दिला की तो दुसऱ्या कामाला लागत नाही. पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. त्या तोंडावर समाधान दिसले, तरच याचा हात पुढच्या ग्लासाकडे जातो.

या बाबलीला अंतराळाचे वेड लागले ते त्याच्या एकुलत्या मुलीमुळे. सिद्धी शाळेत होती तेव्हा ‘नौवां चांद’ नावाच्या तीन भागांच्या हिंदी पिक्चरचा पहिला भाग आला. वर्गातल्या सगळ्या मुली बघून आल्या म्हणून तिने हट्ट धरला. थिएटरच्या थंडगार खुर्चीत झोप काढायची, एवढ्याच बेताने बाबली तिला म्हापशाला घेऊन गेला. पण पडदा उजळला आणि पहिलेच दृश्य आले ते रस्त्याकडेच्या चहाच्या दुकानाचे. दुकानदाराची मुलगी मेघना यानाची कप्तान होऊन दूरच्या चंद्रावर निघालेली. ती गेल्यावर बाप रोज संध्याकाळी टेबलावर चहाचे दोन कप ठेवतो. एक स्वतःचा, एक तिचा.

बाबली ताठ बसला. “गो सिद्धी, हो तर आपलोच धंदो!” तो इतक्या मोठ्याने म्हणाला की पुढच्या दोन रांगा मागे वळल्या.

दुसऱ्या भागाच्या वेळी सिद्धी कॉलेजात होती. त्या भागात यान भरकटले, मेघनाशी बोलणे तुटले आणि पिक्चर तिथेच संपला. पुढची काही वर्षे बापलेकीला गाड्यावर भांडी घासताना, भजी तळताना हा एक विषय पुरला.

“बाबा, तुका काय दिसता? ती परत येतली?”

“येतली म्हणजे? बापूस रोज चाय करता तो काय उगीच?”

एवढ्याने दोघांचे समाधान होई. पुन्हा आठवड्याभराने तोच प्रश्न, तेच उत्तर.

तिसरा आणि शेवटचा भाग आला तो सिद्धीच्या लग्नाच्या वर्षी. वैशाखात ती मये गावातल्या रुद्रेशच्या घरी गेली. आषाढात पिक्चर लागला, तेव्हा जावयाने हौसेने दोन्ही घरांची तिकिटे काढली. बाबली नवा शर्ट घालून म्हापशाला पोचला. बरोबर विमला, म्हणजे त्याची बायको. पिक्चरपेक्षा लेक भेटणार याचाच तिला जास्त आनंद. पर्समध्ये चकल्यांचा डबा.

व्याही कृष्णनाथ वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त. उंच, सडसडीत, आणि बोलणे असे की खांबावर चढताना पाय नीट रोवल्याशिवाय माणूस वर सरकत नाही तसे. तिसरा भाग बघायचा म्हणून त्यांनी आधीचे दोन्ही भाग टीव्हीवर नीट बघून ठेवले होते. त्यांच्या पत्नी सत्यवतीबाय सांगत होत्या, “मदीं हांवें उलयल्यार आडायताले!” मध्ये कुणी बोललेले त्यांना खपत नव्हते.

पिक्चर उत्तम चालला. आणि मग शेवट आला. तेच चहाचे दुकान, संध्याकाळ. टेबलावर दोन कप, दोन्हींतून वाफ निघते आहे. समोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. कॅमेरा हळूहळू मागे मागे येतो आणि पडद्यावर काळोख.

दिवे लागले. मग अर्ध्या थिएटरने टाळ्या वाजवल्या आणि अर्धे थिएटर उभे राहून ओरडायला लागले. मागून कुणीतरी हाक दिली, “चौथो भाग खंय?” एक बाई डोळे पुसत होती, तिचा नवरा तिला विचारत होता, “पण जालें कितें?”

बाबलीचे डोळे मिटलेले, तोंड पसरलेले. “आयली!” तो म्हणाला. “म्हटला नाय मी? आयली ती!”

“येवंक ना,” कृष्णनाथ म्हणाले.

“कृष्णनाथबाब, दोन कपांतसून वाफ येय होती. तुमका दिसली नाय?”

“दिसली. पयल्या भागांतूय तो दोन कप भरतालो. ती नासतना भरतालो. संवय ती.”

“दुसरो कप अर्धो होतो. मी चायवालो, माका कळता. कोणीतरी घोट घेतलोहा त्यातसून.”

“म्हाका भरिल्लो दिसलो.”

बाहेरच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत आजूबाजूला आणखी पाच-सहा कुटुंबांत हेच चालले होते. अनोळखी माणसे एकमेकांच्या वादात शिरत होती. बाबलीला एका कॉलेजच्या पोराने पाठिंबा दिला, कृष्णनाथांच्या बाजूने एक भटजी उभे राहिले. सगळे हसतही होते. इथवर ठीक होते. मग कृष्णनाथांनी सावकाश, पाय रोवून, एक वाक्य उच्चारले.

“बाबलीबाब, गेल्लें मनीस गेलें. तिचें घर आतां थंय. वाट बघपी मनशान तें समजून घेवंक जाय.”

सिद्धी तिथेच, सासूची छत्री हातात धरून उभी होती. बाबलीने तिच्याकडे बघितले. मग व्याह्यांकडे बघितले. आणि त्याच्या तोंडावरचे हसू जे गेले ते धारगळला पोचेपर्यंत परत आले नाही. विमलाने गाडीत चकलीचा डबा पुढे केला, तोही त्याने परतवला.

पुढचे दीड-दोन महिने गाड्यावरची दोन बाकडी म्हणजे दोन पक्ष झाले. एक ‘आयली’चे, दुसरे ‘येवक नाय’चे. बसायला येणारा माणूस आधी पिक्चरबद्दल काय म्हणतो ते सांगून मगच बसायचा. बांद्याचा ट्रकवाला महादेव दुसऱ्या बाकड्यावरचा. तो एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “बाबलीशेट, माझ्या भजयेत मिरची इतकी जळजळीत कित्याक? मी नाय म्हटलंय म्हणान?”

“मिरची सगळ्यांक सारखीच,” बाबली म्हणाला. “तुका खरा सोसवना नाय, त्याका मी काय करू?”

बाकडी हसली. पण मयेला बाबलीने फोन केला नाही, आणि मयेहूनही व्याह्यांचा फोन आला नाही. सिद्धी आईशी बोले. शेवटी विचारी, “बाबा खय आसा?” विमला गाड्याकडे बघून सांगे, “आसा. भजी तळता.”

अशातच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. पेडण्यात आणि डिचोलीत लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या माहेराहून वजे जाते. नेवऱ्या, लाडू, मोदक, केळीचे घड, नारळ, फळे, सगळे टोपल्या भरभरून. मुलीच्या सासरी ते शेजारीपाजारी वाटले जाते, आणि वाटताना विचारले जाते की वजे घेऊन कोण आले होते. बाप नाहीतर भाऊ येतो. सिद्धीला भाऊ नव्हता.

“वजा टेंपोत घालून पाठवया,” बाबलीने एका दुपारी जाहीर केले. “टेंपोवालो परेश जायत घेऊन. माका गाडो बंद ठेवक जमाचो नाय.”

विमला नेवऱ्या करत होती. ती मूळची बांद्याकडची. आवाज चढवायची तिला गरज पडत नसे.

“बरा,” ती म्हणाली. “टेंपोवालो टोपल्यो ठेयत. मगे मयेच्यो बायलो विचारतल्यो, गो सिद्धी, तुझो बापूस खय? ती काय सांगात? पिक्चर बघून रुसलोहा म्हणान?”

“त्यांनी तसा बोलाक नको होता. चेडवासमोर.” आपल्या लेकीदेखत ते बोलले, हेच त्याला सलत होते.

“पिक्चरातल्या चेडवाबद्दल बोलले ते.”

“माका तसा वाटाक नाय.”

विमलाने एका नेवरीची कड दुमडून पूर्ण केली, ताटात ठेवली आणि मग मान वर केली. “तुमच्या पिक्चरातलो बापूस बरो. कप भरून वाट बघी होतो. थय तुमचा चेडू कप भरून बसलाहा. आणि येणारे हय रुसान बसले.”

बाबली गाड्याकडे निघून गेला. त्या दिवशी भजी जरा करपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो गाडा उघडायच्या आधीच पार्सेच्या डोंगरावर गेला. मयेला यंदा गणपतीवरच्या माटोळीत बांधायला कांगणे ही रानफळे मिळाली नाहीत, असे सिद्धी आईला म्हणाली होती, आणि ते बाबलीने भजी तळता तळता ऐकले होते. दुपारी तो पिशवीभर केशरी कांगणे घेऊन खाली आला, अंगभर ओरखडे आणि केसांत पाने.

चवथीच्या आदल्या दिवशी परेशच्या टेंपोत टोपल्यांच्या शेजारी बाबली स्वतः बसला होता. मयेला टेंपो थांबला तेव्हा सिद्धी अंगणात उभी होती. तिने आधी बापाकडे बघितले, मग टोपल्यांकडे, मग पुन्हा बापाकडे, आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. शेजारच्या दोन दारांत बायका उभ्याच होत्या. सिद्धी जरा मोठ्यानेच म्हणाली, “बाबा आयले!”

आतल्या खोलीत कृष्णनाथ स्टुलावर उभे राहून माटोळी बांधत होते. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली ती लाकडी चौकट, आणि तिला बांधलेले नारळ, तोरिंगे, ओल्या सुपारीचे घोस, रानातली लाल कवंडळे. गावात त्यांच्या माटोळीचे नाव होते.

“आयलात,” ते वरूनच म्हणाले.

“आयलंय,” बाबली म्हणाला.

स्टूल डगमगत होते म्हणून बाबलीने ते धरले. मग सुतळी हवी होती म्हणून दिली. मग एक एक कांगणे वर द्यायला लागला. निम्मी माटोळी अशी मुक्यानेच भरली. तेव्हा बाबलीच्या ध्यानात आले की तीन कोपरे भरगच्च झाले आहेत आणि खिडकीकडचा चौथा तसाच मोकळा आहे.

“हय काय बांधूचा नाय?”

कृष्णनाथ सुतळीची गाठ घट्ट करत राहिले. उत्तर दारातून सत्यवतीबायनी दिले. “तो कोनसो दत्तूचो. ल्हान आसतना पसून तोच बांधता. आतां बोटीर गेल्यापसून चवथीक मेळना. तरी हे तो कोनसो सांजेमेरेन उक्तो दवरतात. मागीर आपूण बांधतात.”

दत्तू, म्हणजे दत्तप्रसाद, हा रुद्रेशचा थोरला भाऊ, परदेशी पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाकी. लग्नालाही त्याला रजा मिळाली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी मोकळा ठेवलेल्या त्या कोपऱ्याकडे बाबलीने बघितले. मग वर, व्याह्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघितले. थिएटरच्या व्हरांड्यातले ते वाक्य त्याला पुन्हा ऐकू आले, आणि या वेळी ते कुणाला उद्देशून होते हे त्याला कळले.

“कृष्णनाथबाब,” तो हळूच म्हणाला, “दुसरो कप अर्धो होतो हां. खरा सांगतंय.”

कृष्णनाथांनी हातातले कांगणे बांधून टाकले. “हांव परत थेटरांत वचून आयलों,” ते म्हणाले. “एकटोच. कप पळोवंक.”

“मगे?”

“कळना. वाफ आड येता.”

बाबलीला हसू फुटले. स्टूल हलले. वरून कृष्णनाथ ओरडले, आणि ओरडता ओरडता तेही हसू लागले. तेवढ्यात सिद्धी फोन घेऊन धावत आली. पडद्यावर पांढऱ्या टोपीतला दत्तप्रसाद, मागे मोठमोठी पातेली. “कितें हांसतात? म्हजो कोनसो बांदलो?”

“ना हो. पिक्चराचें उलयतात,” सिद्धी म्हणाली. “ती आयली काय ना, अजून तेंच!”

“आमच्या बोटीरूय तेंच!” दत्तप्रसाद म्हणाला. “रांदणीकूडींत दोन पार्टी जाल्यात. बाबा, ती आयली!”

“कशावेल्यान?” कृष्णनाथांनी विचारले.

“खुर्च्यो रित्यो मूं? मनीस पयसुल्ल्यान घरा आयल्यार पयलीं खुर्चेर बसता? पयलीं भितर वता. देवाक हात जोडटा, चुलीर कितें शिजता तें पळयता. ती भितर गेली. बापूय तिच्या फाटल्यान. म्हणून कप भायर उरले!”

आत! लेक आत गेली आणि बाप तिच्या मागोमाग! बाबलीने कपाळावर हात मारला. इतके दिवस त्याने कपच मोजले; खुर्च्यांचा विचारच केला नव्हता. कृष्णनाथांच्या तोंडावर पहिला घोट उतरल्यावरचे ते समाधान दिसले, आणि बाबलीच्या नजरेतून ते सुटले नाही.

“मगे कप अर्धो कसो?” बाबलीने विचारले.

“भरिल्लो!” वरून आणि फोनमधून एकदमच उत्तर आले.

वाद पुन्हा सुरू झाला. दत्तप्रसादने फोनवरून आपला कोपरा सांगितला: आधी सुपारीचा घोस, मग दोन तोरिंगे, मधे कांगणे. कृष्णनाथांनी खाली उतरून बाबलीला स्टुलावर चढवले आणि स्वतः स्टूल धरले. बाबलीचा हात जेमतेम पोचत होता.

“सिद्धी!” बाहेरून सत्यवतीबायची हाक आली. “गो, हांगा ये, पळय तुजो पिक्चर!”

बाबलीने स्टुलावरूनच वाकून दारातून बाहेर बघितले. सोप्यावर दोघा व्याह्यांसाठी मांडलेल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढ्यातल्या मेजावर सत्यवतीबायनी नुकताच आणून ठेवलेला चहा. दोन कप, दोन्हींतून वाफ.

“बघलात? म्हटलंय नाय मी—”

“हालूं नाकात, बाबलीबाब,” खालून कृष्णनाथ म्हणाले. “दत्तूची गांठ सुटतली.”